चित्रातला महिना

“बाई, हा महिना कोणता?”

केळुसकरांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि टेबलाच्या पलीकडे जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले. परीक्षा घ्यायची असली की ते असेच उभे राहत. प्रयोगशाळेतली मुलं नुकतीच घरी गेली होती. त्यांनी चिरलेल्या जास्वंदी बाकांवर तशाच पडल्या होत्या, आणि आमच्या मध्ये ते भलंमोठं पुस्तक उघडं होतं.

मी वाकून पाहिलं. तपकिरी शाईत टाकाने काढलेलं एका दरीचं चित्र होतं. खाली नदी, पलीकडच्या टेकडीवर तटबंदीचं गाव, त्यात दोन-तीन मनोरे. लांबचे डोंगर चार रेघांत उरकलेले होते, पण पुढच्या बांधावरचं गवत मात्र पात्यापात्याने काढलं होतं. बांधावर एक झाड दरीकडे झुकून उभं होतं.

“उन्हाळ्याच्या आधीचा,” मी म्हटलं. “झाडाला फुलं आहेत आणि पान एक नाही.”

“कुठल्या फांदीला?”

मी भिंग सरकवलं. उजव्या फांद्या नुसत्या फुलांच्या होत्या. पण डाव्या हाताची मोठी फांदी पानांनी भरलेली होती, आणि पानांत फळं होती. काही फळांची साल उलून आतली बी दिसत होती.

“हे कुठलं झाड?”

“बदाम. आपल्या अंगणातला नव्हे, खरा, खायचा. याला फुलं येतात माघ-फाल्गुनात, पानांच्याही आधी. फळ पिकून उलतं ते श्रावण-भाद्रपदात.” केळुसकरांनी हाताची घडी सोडली. “आता सांगा महिना.”

“चूक झाली असेल त्याची.”

“गवताची पाती मोजून काढणारा माणूस असली चूक करत नाही, बाई. पहिलीच्या पोराला कळेल अशी ही चूक आहे. मग त्याने का केली?”

ते उत्तर माझ्यापर्यंत पोचायला उमर सरायची होती. त्या दिवशी मात्र मी भिंग परत दिलं आणि म्हटलं, “त्याला दोन्ही हवं असेल. फूलही आणि फळही. हावरा असेल.” केळुसकर हसले. त्यांना हसवलं की माझा दिवस चांगला जाई, हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

तेव्हा मी प्रभा गवाणकर होते. कोल्हापूरला चित्रकला शिकून सावंतवाडीला भावाकडे परत आले होते, आणि तिथल्या कॉलेजात वनस्पतींची चित्रं काढायच्या हंगामी नोकरीवर होते. वामन केळुसकर वनस्पतिशास्त्र शिकवत. आंबोली घाटातल्या झाडाझुडपांवर त्यांना पुस्तक लिहायचं होतं, आणि त्यातली सगळी चित्रं माझी असायची होती. ते डहाळी आणत, माझ्यासमोर पाण्याच्या पेल्यात ठेवत, आणि मी टाक आणि काळी शाई घेऊन ती उतरवत असे. आमच्या या कामाचा एक नियम होता. जे समोर ठेवलंय तेवढंच काढायचं. एका कागदावर एकाच दिवशी तोडलेली डहाळी. फूल फाल्गुनातलं आणि फळ वैशाखातलं असं एका फांदीवर दाखवलं तर ते शास्त्राला धरून नाही. केळुसकरांच्या मते ते सरळ खोटं.

त्यांचा आणखी एक नियम होता, तो त्यांचा एकट्याचा. फूल पाहिल्याशिवाय ते कुठल्याही झाडाला नाव देत नसत. त्यांच्या कपाटात वाळवून चिकटवलेल्या नमुन्यांचा एक गठ्ठा होता. पानं होती, फळंही होती, पण फूल मिळालं नव्हतं, म्हणून नावाची जागा कोरी.

“पण ओळखलंय ना तुम्ही?” मी एकदा विचारलं होतं.

“ओळखलंय.”

“मग लिहा की.”

“खात्री फुलावरून होते, बाई. त्याआधी लिहिणं म्हणजे आगाऊपणा.”

ते पुस्तक कॉलेजात आलं तेही गमतीनेच. गोव्यातल्या एका जुन्या डॉक्टरांच्या घरून पुस्तकांची पेटी दान म्हणून आली होती. त्यात औषधांची पुस्तकं, एक गाण्यांचं, आणि हे जुन्या इटालियन चित्रांचं. मजकूर आमच्यापैकी कोणालाच वाचता येईना. शेवटी केळुसकर ते काखेत मारून चर्चच्या पाद्रींकडे गेले. पाद्रींनी सांगितलं ते एवढंच : चित्रकाराचं नाव कोणाला ठाऊक नाही, चित्र सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं, शाईतलं, आणि झाडं ज्या बारकाईने काढली आहेत त्यावरून त्याला वनस्पतींचा नाद असावा. ‘नाद’ हा शब्द केळुसकरांना फार आवडला. आपला कोणीतरी चारशे वर्षांपूर्वीचा नातेवाईक भेटल्यासारखे ते परत आले.

एकच गोष्ट त्यांच्या जिवाला लागली होती. चित्राच्या डाव्या, खालच्या कोपऱ्यात आमच्या ग्रंथालयाचा गोल जांभळा शिक्का बसला होता. ग्रंथपाल शिरोडकर अण्णांनी तो असा दाबून मारला होता की खालची एक रेघ दिसत नव्हती.

“अण्णा, निदान चित्रावर तरी नको होता मारायला,” केळुसकर म्हणाले.

अण्णांना यात आपलं काय चुकलं ते कळेना. “शिक्को मारल्याशिवाय पुस्तक कॉलेजचा कसा होतला, सर? चित्रां फाडून नेतत पोरां. म्हणान दर चित्रार मारलंय.”

“पण त्या कोपऱ्यात काय होतं?”

“काय नाय. दगड-धोंडे आसतले. मोकळो दिसलो कोपरो म्हणान थंयच मारलंय.”

केळुसकरांनी पुस्तक उन्हात धरून पाहिलं, पानाच्या मागून पाहिलं. जांभळ्या शाईपलीकडे काही लागेना. मग त्यांनी तो नाद सोडला. दगडच असतील, मीही म्हटलं.

पण महिन्याचा वाद काही सुटला नाही. तो आमचा रोजचा खेळ होऊन बसला. दुपारचा चहा आला की एकजण नवं कारण काढायचा. केळुसकर म्हणत, चित्रकाराने फुलं एका वर्षी काढली, फळं दुसऱ्या वर्षी. मी म्हणे, मग मधल्या वर्षात शाई वाळली असती, रेघ वेगळी दिसली असती. ते म्हणत, दोन झाडं असतील, एकामागे एक. मी बुंध्यावर बोट ठेवून दाखवत असे की बुंधा एकच आहे. हरले की ते चष्मा काढून रुमालाने पुसत. मला ते हरलेले आवडत. जिंकलेले तर त्याहून आवडत, पण ते कशाला सांगू.

मार्गशीर्षात त्यांना इटलीतल्या एका विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळाली. तिथे वाळवलेल्या झाडांचा फार जुना संग्रह होता. शिमगा आटोपला की निघायचं, आणि कधी परतायचं ते नक्की नाही. सगळ्या कॉलेजने त्यांना पेढे मागितले. मीही मागितले.

“आता मूळ चित्रच बघता येईल तुम्हाला,” मी म्हटलं.

“बघणारच. महिना कोणता ते विचारूनच येतो त्याला.”

“आणि मला कळवाल?”

“तुम्हाला नाही तर कोणाला कळवणार, बाई?”

एवढं एक वाक्य घेऊन मी घरी गेले आणि रात्रभर तेच उलटंपालटं करत बसले.

घरात वेगळंच चाललं होतं. कारवारचं एक स्थळ आलं होतं. मुलगा बँकेत, मोकळ्या स्वभावाचा, मला बघून गेला होता आणि पसंती कळवली होती. वहिनी माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठी. तिला सगळं दिसत होतं, पण वहिनी म्हणून जेवढं बोलायचं तेवढंच ती बोलायची.

“वन्सं, त्या माणसांना किती ताटकळत ठेवायचं? तुमचे भाऊ रोज मला विचारतात.”

“शिमग्यापर्यंत थांब गं.”

“शिमग्याला काय आहे?”

मी ताट पुढे केलं. वहिनीने माझ्या ताटात भात वाढला आणि हळूच म्हणाली, “मग त्यांना बोलायला सांगा ना. की तुम्हीच बोलणार?”

बोलायचंच असतं तर काय हवं होतं! माझी जीभ चेष्टेला तिखट, आणि खऱ्या वेळी टाळ्याला चिकटणारी. त्यात केळुसकरांचा तो कोऱ्या नावांचा गठ्ठा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. हा माणूस सगळं ओळखून आहे, अशी माझी खात्री होती. पण मी काही दाखवल्याशिवाय ते नाव घेणार नाहीत. आणि मी तरी कोण? समोर ठेवल्याशिवाय काही न काढणारी. आम्ही दोघं एकमेकांची वाट बघत बसलो होतो, आणि दिवस चालले होते.

माघात वर्गाला घेऊन आम्ही घाटात गेलो. त्यांच्या पुस्तकाच्या पहिल्या पानासाठी घाटाचं एक चित्र हवं होतं, त्या बदामाच्या चित्रासारखंच, दरी आणि पुढे एक झाड. दाणोली गावाच्या वरच्या वळणावर एक जुनी काटेसावर होती. पान एक नाही आणि सगळं झाड लाल फुलांनी लगडलेलं. साळुंक्यांची आणि कोतवालांची त्यावर नुसती जत्रा भरली होती. मुलं खाली ओढ्यात शेवाळ गोळा करायला पांगली. मी दगडावर बसून फळी मांडीवर घेतली. ऊन कागदावर येऊ नये म्हणून केळुसकर छत्री धरून माझ्यामागे उभे राहिले.

खाली पडणाऱ्या फुलांचा टपटप आवाज तेवढा येत होता.

“वैशाखात पुन्हा यायला हवं,” मी मान वर न करता म्हटलं. “बोंडं उलतात तेव्हा. सगळ्या घाटात कापूस उडतो.”

“या तुम्ही. मुलांना घेऊन या.”

“आणि तुम्ही?”

“मी तेव्हा तिकडे बदामाला फळं धरलीत का ते बघत असेन.” ते हसले, पण हसणं लवकर आटपलं. “बाई...”

माझा टाक कागदावर थांबला.

“काय?”

छत्री जराशी हलली. माझ्या पाठीमागे ते एका पायावरून दुसऱ्या पायावर झाले, ते मला आवाजावरून कळलं.

“कागदावर ऊन येतंय,” ते म्हणाले, आणि त्यांनी छत्री पुढे सरकवली.

कागदावर ऊन येत नव्हतं. मी त्या वेळी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी पुढे कितीदा तरी केला. पण मी मान वळवली नाही. मी सावरीच्या काट्यांना ठिपके देत राहिले आणि डोळ्यांत पाणी आलं ते उन्हाने आलं अशी स्वतःची समजूत घातली.

त्याच रात्री ठरवलं, की तोंडाने जमणार नाही तर टाकाने सांगायचं. घाटाचं चित्र मी घरी पुरं करायला घेतलं. दरी काढली, दाणोलीची कौलं काढली, वळणावळणाचा रस्ता काढला. पुढे सावर, फुलांनी भरलेली. आणि मग दरीकडे गेलेल्या फांदीवर, फुलांच्या मधोमध, मी बोंडं काढली. पिकून उललेली, आतला कापूस बाहेर आलेली. माझ्यासमोर नसलेली गोष्ट मी त्या कामात पहिल्यांदाच काढत होते. वैशाखात ते इथे नसणार होते. म्हणून मी वैशाख त्यांच्यासाठी फाल्गुनात आणून ठेवला होता.

माझा हिशेब साधा होता. ते भिंग लावतील. चूक त्यांना दिसल्याशिवाय राहणार नाही. मग ते विचारतील : बाई, तुम्हाला ठाऊक असून असं का काढलंत? एवढा एकच प्रश्न त्यांनी विचारायचा होता. बाकीचं मी बोलणार होते, मग एसटी स्टँडवर निरोपाला सगळी सावंतवाडी उभी असेना का.

आणि तसंच झालं, स्टँडवर सगळी सावंतवाडी उभी होती. रंगपंचमी होऊन गेली होती, पोरांच्या कानांमागचा रंग अजून गेला नव्हता. मुंबईची सकाळची गाडी लागली होती. शिपायाने हार आणला, प्राचार्यांनी नारळ दिला, अण्णांनी वाटेत खायला काजूगर बांधून आणले होते. केळुसकर हार गळ्यात तसाच ठेवून खिडकीशी बसले. मी गर्दीतून पुढे झाले आणि गुंडाळलेलं चित्र खिडकीतून आत दिलं.

“घाटाचं?” त्यांचा चेहरा उजळला. “झालं पुरं?”

“बघा.”

त्यांनी ते मांडीवर उलगडलं आणि खिशातून भिंग काढलं. भिंग त्यांच्या खिशात आहे, परदेशी निघालेल्या माणसाच्या कोटाच्या खिशात, हे बघून मला भरून आलं.

“दाणोलीचं देऊळ... ओढा... अरे, हा आपण बसलो तो दगड!” भिंग हळूहळू वर सरकत होतं. बुंध्यावरून फांदीवर गेलं. मग थांबलं.

“बाई.”

“काय?”

“फुलं आणि बोंडं एकाच फांदीवर आहेत.”

“हो.”

“उललेली. कापूस दिसतोय.”

“हो,” मी म्हटलं. खिडकीचा गज मी दोन्ही हातांनी धरला होता.

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. मी वाट बघत होते. ड्रायव्हर चढला. गाडीचं यंत्र सुरू झालं आणि गज माझ्या हातात थरथरायला लागला.

“असं होत नाही ना, बाई,” ते फार मायेने म्हणाले. हुशार विद्यार्थ्याची चूक काढताना म्हणत, तसं. “चित्र इतकं सुंदर झालंय म्हणून सांगतो. दुसऱ्या कोणाचं असतं तर बोललोही नसतो. पुस्तकात हे असं छापलं तर लोक आपल्याला हसतील. एवढी बोंडं काढून टाका.”

त्यांनी चित्र पुन्हा गुंडाळलं, नीट, कडा जुळवून. आणि खिडकीतून माझ्या हातात परत दिलं.

“दुरुस्त करून मला तिकडे पाठवा. पाठवाल ना?”

“पाठवते,” मी म्हटलं.

कंडक्टरने घंटी दिली. अण्णा हात हलवत होते, मुलं ओरडत होती. मीही हात हलवला. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी माझा हात वरच होता, तो अण्णांनी हळूच खाली केला. “चल गो बाये,” म्हणाले, “ऊन झाला.”

चांगल्या जाड कागदावरची शाई ब्लेडने काढता येते. घाई करायची नाही, पातं आडवं धरून अगदी हलक्या हाताने खरवडायचं. दुधावरची साय निघावी तसा कागदाचा वरचा पापुद्रा शाईसकट निघतो. मग चमच्याच्या पाठीने जागा घोटायची, की कोणाला कळत नाही. त्या आठवड्यात मी एकेक बोंड तसं खरवडून काढलं. जागा घोटली. चित्र शास्त्राला धरून झालं. इटलीच्या पत्त्यावर ते पाठवून दिलं आणि त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला म्हटलं, “कारवारला होकार कळव.”

वहिनीने विळी बाजूला सारली आणि मला जवळ घेतलं.

माझा संसार चांगला झाला. हे मी कोणाची समजूत काढायला म्हणत नाही. यजमान मनात येईल ते बोलून मोकळे होणारे होते. रागावले तर रागावलोय म्हणत, मी आवडत असे तर तेही चारचौघांत सांगत. अशा माणसाबरोबर राहण्यात फार सुख असतं. तरी दर फाल्गुनात, कुठेतरी सावर फुललेली दिसली की दिवसभर कशातच लक्ष लागत नसे. यजमान विचारत, “काय झालं?” आणि मी म्हणे, “डोकं दुखतंय.” त्यांनी दरवर्षी मला आल्याचा चहा करून दिला.

केळुसकर परतले ते सावंतवाडीला नाही, देहरादूनला. पुस्तक निघालं. पहिल्या पानावर घाटाचं चित्र होतं, सावरीला नुसती फुलं. खाली माझं नाव, माहेरचं.

त्यानंतर आम्ही भेटलो ते एकदम कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवात. यजमान तोवर गेले होते, केस पांढरे झाले होते, गुडघे बोलायला लागले होते. जुन्या सभागृहात मी मागच्या रांगेत बसले, शेजारी शिरोडकर अण्णा. नव्वदीला आलेले, पण इस्त्रीचं धोतर. प्राचार्यांनी पाहुण्यांची ओळख करून दिली. डॉ. वामन केळुसकर, देहरादूनला स्थायिक, पत्नी डॉक्टर, मुलगी परदेशात. ते उभे राहिले आणि सवयीने चष्मा काढून पुसला, तेव्हा मला कळलं की या गृहस्थांना मी अंधारातसुद्धा ओळखेन.

पडदे ओढले, पडद्यावर चित्रं दाखवत ते बोलू लागले. जुन्या युरोपात लोक झाडं कशी गोळा करत, कशी काढत, असा विषय होता. मी ऐकत होते आणि नव्हते. मग पडद्यावर ती दरी आली.

नदी, मनोरे, बांधावरचं गवत. बदामाचं झाड. मूळ चित्राचा फोटो होता, त्यावर शिक्का नव्हता.

डाव्या कोपऱ्यात दगड नव्हते. तिथे एक खेचर होतं, सामान लादलेलं. एक माणूस त्याचा पट्टा आवळत होता. पाठीवरच्या गाठोड्यातून झाडांच्या डहाळ्या बाहेर आल्या होत्या. हात पट्ट्यावर होते, पण मान पूर्ण मागे वळलेली, वर झाडाकडे.

आधीची चित्रं केळुसकरांनी भराभर पुढे नेली होती, हे तसंच राहू दिलं. सभागृहात लोक चुळबुळायला लागले.

“ह्या चित्र आपल्या पुस्तकात होता मां?” अण्णांनी माझ्या कानाशी विचारलं.

“होतं, अण्णा.”

“थंय माझो शिक्को होतो.” थोड्या वेळाने ते पुन्हा म्हणाले, “दगड नाय तर.”

“नाही,” मी म्हटलं. अण्णांनी माझा हात हातात घेतला आणि व्याख्यान संपेपर्यंत सोडला नाही.

नंतर बाहेर चहा होता. केळुसकर कपबशी घेऊन माणसांतून वाट काढत आले. आम्ही व्हरांड्याच्या टोकाला, जुन्या प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहिलो.

“महिना फाल्गुन, बाई,” ते म्हणाले.

“दिसला मला.”

“तो निघाला होता. बदाम पिकेपर्यंत राहता येणार नव्हतं त्याला. म्हणून फळं आधीच काढली. न बघता.” त्यांनी कपबशी कठड्यावर ठेवली. “तिथे पोचल्यावर कितीतरी महिने हे चित्र असलेल्या संग्रहालयात जायला जमलं नाही. गेलो तोवर तुमची लग्नपत्रिका आली होती. चित्रासमोर उभा राहिलो, कोपरा बघितला, आणि मला स्टँडवरची गाडी आठवली.”

इतक्या वर्षांनी माझी जीभ पुन्हा टाळ्याला चिकटली होती.

“तुम्हाला ठाऊक असून असं का काढलंत?” त्यांनी विचारलं.

शेवटी विचारला. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि या वयात लपवायचं तरी कोणापासून.

“तुम्ही वैशाखात नसणार होतात म्हणून,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. व्हरांड्यात मुलं पळत होती, कोणीतरी समूहफोटोसाठी हाका मारत होतं.

“आता त्याचं काय,” मी डोळे पुसत म्हटलं. “ती बोंडं मी ब्लेडने खरवडली. तुम्हीच सांगितलंत ना. कोणाला कळणार नाही असं घोटलं होतं.”

“कळत नाही,” ते म्हणाले. “नुसतं बघून नाही कळत. माझ्याकडेच आहे ते, देहरादूनला. पण तिथला कागद पातळ झालाय, बाई. खिडकीशी उजेडात धरलं की बोंडं दिसतात. पांढरी. कापसासकट.”

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्याच हाताने केलेलं काम, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

“सगळी दिसतात?” मी विचारलं.

“सगळी,” केळुसकर म्हणाले. “दर वैशाखात बघतो.”

फोटोवाल्याने पुन्हा हाक मारली. आम्ही जाऊन मागच्या रांगेत शेजारी शेजारी उभे राहिलो.